लिफ्टमध्ये माणूस नको

कोपरखैरण्यातल्या या इमारतीला टेम्पो लागत नाही.
तळाला झेरॉक्सवाला, त्याच्या फळीला खेटून पाणीपुरीची गाडी,
मग चढण, फरशी फुटलेली.
डब्याला चाकं आहेत, पन्नास लिटर पोटात,
विनू पुढून ओढतो, मी मागून रेटतो
आणि झाकणाखालून पांढरा श्वास सुटत राहतो.
"दादा, धुराचं पान आहे का?" क्लासची पोरं विचारतात.
दर मंगळवारी विचारतात.
दर मंगळवारी मी म्हणतो, चुना संपला.

नियम एकच: डबा एकटा वर जातो.
लिफ्ट मधेच अडकली आणि हा आत उकळत बसला,
तर श्वासातली हवा गुपचूप बाजूला सरकते.
ना वास, ना खोकला,
माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो.
ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. नंतर वडे होते.
म्हणून विनू आधी चौथ्यावर पळतो,
वॉचमन गायकर दुसऱ्यावर उभा राहतो,
मी बटण दाबून हात मागे घेतो.
साखळीवर पाटी: आत येऊ नका.
गायकर तंबाखू मळायला वळला, की सामंतकाकू बटण दाबतात.
दार उघडतं. त्या बघतात,
वाफेतल्या त्या एकट्याला कधीकधी
नमस्कार करतात.

आज लिफ्टच बंद.
मेंटेनन्स तिघांनी थकवलाय, कोणी ते सगळ्यांना ठाऊक.
वरून हेमांगी मॅडमचा फोन: "टाकीत सात सेंटिमीटर उरलंय."
त्या टाकीत काड्या असतात, खराट्याच्या हिरासारख्या,
काडीवर नाव नाही, नंबर.
आत कोणाचं तरी कोणीतरी,
अजून कोणीच न झालेलं.

मग खाली उघड्यावर दहा-दहा लिटरचे छोटे डबे भरले.
सेक्रेटरी आले. "जिन्यात फुटलं तर?"
फुटत नाही साहेब, उडून जातं.
"मग एवढे पैसे कशाचे घेता?"
उडून जाण्याचेच.

जिन्यातल्या खिडक्या उघडा, मी ओरडलो.
दुसऱ्यावरची प्लायवूडने ठोकलेली, खाली मखर, मखराखाली सायकल.
पोरांनी वह्या टाकून सगळं हलवलं,
खिळे पकडीनं ओढले,
खाडीकडचा वारा आत आला, थोडा कुजका,
पण वारा.

पाच खेपा.
हातमोजे कोपरापर्यंत, चष्मा घामानं धुरकट,
उणे एकशे शहाण्णव मांडीपासून वीतभर दूर.
तिसऱ्या वळणावर तो जरा डुचमळला
आणि माझ्या तोंडून आईच्या कहाणीतलं निघालं:
उतू नकोस, मातू नकोस.
विनू हसला. डबा हसला नाही.

हेमांगी मॅडमनी लाकडी पट्टी बुडवली, काढली, हवेत हलवली.
दहिवराची रेघ चढत चढत थांबली.
एकवीस.
त्या स्टुलावर बसल्या, पट्टी हातातच.

चलनावर त्यांनी लिहिलं: मिळाले चव्वेचाळीस लिटर.
बाकीचे सहा?
मालक विचारेल. हवेत गेले म्हणेन,
तिथूनच तर आणले होते.

बाबा दिवाळ्याच्या बंदरात होड्यांना बर्फ पोचवायचे.
गोणपाटातली लादी खांद्यावर,
आणि मागे रस्त्यावर पाण्याची ओळ, घरापासून धक्क्यापर्यंत.
मी शाळेतून सुटलो की त्या ओळीवरून चालत त्यांना गाठायचो.
"तू इकतस तरी काय?" ते अजून विचारतात.

रिकामे डबे घेऊन उतरताना मी पायऱ्या पाहिल्या.
चौथ्यापासून तळापर्यंत
कोरड्या.
दुसऱ्यावर सामंतकाकू पिशवी टेकवून दम खात होत्या,
उघड्या खिडकीशी.
"ही अशीच राहू द्या," म्हणाल्या.
गायकर खिळे वेचत होता.